वाळूवर कोण चालून गेलं?

मुलांनो, नदीचं चित्र काढा म्हटलं की तुम्ही काय काढता? दोन डोंगर, मधून डोकावणारा सूर्य आणि खाली निळ्या रंगाची नागमोडी पट्टी. हो ना? पण बारामती तालुक्यातल्या मुलांनी आपल्या कऱ्हा नदीचं खरंखुरं चित्र काढायचं ठरवलं, तर वर्षातले कितीतरी महिने निळा रंग खोक्यातच राहील. तपकिरी लागेल, राखाडी लागेल, वेड्या बाभळीसाठी हिरवा लागेल. निळा मात्र फक्त वर आभाळाला.

"मग बाई, ती नदी कसली? तो तर नुसता ओढा!" असं आमच्या वर्गातली मुलं म्हणतात. तर आज या 'नुसत्या ओढ्यात' काय काय राहतं ते तुम्हाला सांगते. भिगवणला थंडीत येणारे रोहित पक्षी पाहायला लांबलांबून गाड्या भरून माणसं येतात, नावेत बसतात, फोटो काढतात. जरूर जावं. पण आपल्या गावामागच्या कोरड्या पात्रात जायला ना गाडी लागते ना नाव. लागते ती फक्त पहाटे उठायची तयारी.

आधी नदीची थोडी ओळख करून घेऊ. कऱ्हा पुरंदर तालुक्यात उगम पावते. सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामतीला येते आणि पुढं सोनगावला नीरेला मिळते. नीरा इंदापूर तालुक्यात नीरा-नरसिंगपूरला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे मोरगावच्या मुलानं सोडलेली कागदाची होडी (बुडाली नाही तर!) आंध्रच्या किनाऱ्यावर पोचायला हरकत नाही. आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'कऱ्हेचे पाणी' असं नाव दिलं ते याच नदीवरून. कवी मोरोपंत (१७२९–१७९४) राहिले तेही याच नदीकाठी, बारामतीत. त्यांच्या प्रसिद्ध काव्याचं नाव 'केकावली'. केका म्हणजे मोराचा आवाज. कऱ्हेकाठचा कवी मोराचाच आवाज निवडणार, नाही का?

पण पाणी कुठं गेलं? सह्याद्रीवर ढग आपटतात, तिकडंच बहुतेक रिकामे होतात आणि आपल्याकडं येतात ते हलके होऊन. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बारामती-इंदापूरकडं जेमतेम पाचशेच्या आसपास. त्यात जेजुरीजवळ नाझरे धरणात कऱ्हेचं पाणी अडतं. मग खालच्या पात्रात दिवाळीनंतर एकेक डोह आटत जातो. होळीपर्यंत उरतात ते दगडगोटे, वाळू आणि कुठं कुठं एखादं हिरवं डबकं.

आणि हीच, मुलांनो, आपली पाहण्याची वेळ.

वाळू म्हणजे प्राण्यांची हजेरीवही आहे. रात्री कोण आलं, कुठून आलं, किती घाईत होतं, सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. फक्त ती वही ऊन चढायच्या आत वाचावी लागते. एक युक्ती सांगते. सूर्य नुकताच वर आलेला असताना ठसा तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असे उभे राहा. तिरप्या उजेडात ठशाच्या काठाची सावली पडते आणि जे आत्तापर्यंत दिसत नव्हतं ते एकदम उठून दिसतं. दहा वाजता याल तर तीच वाळू कोरी वाटेल.

आमच्या शाळेतल्या चौथीच्या एका मुलानं एकदा जाहीर केलं, "इथून तीन पायांचं जनावर गेलंय!" सगळे हसले. पण त्याचं पाहणं अगदी बरोबर होतं. पुढं दोन मोठे लांबट ठसे शेजारी शेजारी, आणि मागं एक लहान ठसा, तोही जरा पुसट. हा होता ससा. ससा उडी मारतो तेव्हा पुढचे पाय आधी टेकतात, जवळजवळ एकामागं एक, आणि मागचे लांब पाय त्यांना ओलांडून पुढं पडतात. पुढच्या दोन पायांचे ठसे एकमेकांत मिसळले की दिसतात तीनच. म्हणजे मोठे ठसे ज्या बाजूला, त्या बाजूला ससा गेला. आपल्याकडच्या सशाच्या मानेवर मागं काळा पट्टा असतो. दिवसा तो गवतात नाहीतर झुडपाखाली अंग दाबून बसलेला असतो. तुमचा पाय त्याच्यावर पडायची वेळ येईपर्यंत हलत नाही, आणि मग असा सुटतो की ठोका चुकतो आपला!

मुंगसाचा ठसा लहान, पण पाच बोटांचा, बोटांपुढं नखांचे टिंब. मुंगूस दिवसाही दिसतं. काठाच्या बाभळीतून या कडेहून त्या कडेला, शेपूट जमिनीला समांतर ठेवून, जसं काही कुणी दोरीनं ओढत आहे. रानमांजराच्या ठशात नखं उमटत नाहीत, कारण मांजर नखं आत ओढून चालतं. कुत्रा, कोल्हा आणि खोकड यांची नखं मात्र उमटतात.

आता खरी परीक्षा! कुत्रा कुठला आणि खोकड कुठलं? एका ठशावरून सांगणं अवघड. म्हणून एक ठसा पाहू नका, पंधरा-वीस ठसे पाहा. गावातलं कुत्रं रेंगाळतं. इकडं हुंगेल, तिकडं वळेल, परत येईल, कारण त्याला घरी भाकरी मिळणारच असते. खोकडाला तसं परवडत नाही. त्याची वाट बहुधा सरळ, एका ओळीत, टाका घातल्यासारखी. खोकड म्हणजे आपला माळावरचा छोटा कोल्हा. मांजराहून थोडं मोठं, पाय बारीक, आणि शेपटीचं टोक काळं. या काळ्या टोकाकडं लक्ष ठेवा, ओळख पक्की होते. खोकडाची विष्ठा दिसली तर नाक मुरडू नका. काडीनं उकलून पाहा. त्यात किड्यांच्या पाठीचे चकचकीत तुकडे, उंदराचे केस आणि बोरांच्या बिया सापडतील. उंदीर खातं, म्हणजे ज्वारीची राखणच करतं की! आणि बोरांच्या बिया लांब नेऊन टाकतं, ते वेगळंच.

काळे-पांढरे पट्टे असलेला जाड काटा सापडला तर नशीबवान आहात. तो साळिंदराचा. साळिंदर काटे फेकून मारतं असं अजूनही पुष्कळ लोक सांगतात. ते खोटं आहे. काटे अंगात सैल बसलेले असतात आणि साळिंदर पाठ वळवून मागं मागं अंगावर येतं, तेव्हा ते समोरच्याला टोचतात आणि तिथंच राहतात.

उन्हाळ्यात पाणी आटलं की गावाकडं पात्रातली वाळू उकरून झिरा काढतात. हातभर खोल गेलं की तळाशी गार, स्वच्छ पाणी पाझरतं. दिवसभर त्यावर माणसांची घागर असते. रात्र झाली की पाळी बदलते. तुमच्या गावाजवळ झिरा असेल तर सकाळी पहिल्यांदा कुणी पाणी भरायच्या आत जाऊन त्याच्याभोवतीची वाळू बघा. एवढीशी जागा, पण उंदरापासून मोरापर्यंत सगळ्यांच्या सह्या तिथं मिळतात.

आता पक्ष्यांकडं वळू. पात्रात पाय ठेवल्याबरोबर जिचा आरडाओरडा सुरू होतो ती टिटवी. डोळ्यांपुढं लाल मांस, काळी छाती, पिवळे उंच पाय. तिच्याविषयी किती गोष्टी! आभाळ पडलं तर झेलायला ती पाय वर करून झोपते म्हणे. रात्री ओरडली की अशुभ म्हणे. पंचतंत्रातली टिटवी तर अंडी पळवली म्हणून समुद्राशी भांडायला निघाली होती. खरी टिटवी रात्री ओरडते कारण तिच्या अंड्यांजवळ कुणीतरी आलेलं असतं, बस्स. मार्चपासून ती उघड्या जमिनीवर, खड्यांच्या एका खळग्यात बहुधा चार अंडी घालते. काडी नाही, कापूस नाही, आडोसा नाही. अंडी इतकी गोट्यांसारखी की दोन हातांवर असूनही दिसत नाहीत. भर उन्हात वाळूवर आपला पाय भाजतो, मग अंड्यांचं काय होत असेल? टिटवी पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या अंगानं अंड्यांवर बसते. इथं आईबाप दोघेही पाळीनं बसतात. आपल्याकडं उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळतात ना, तसंच!

तिच्यापेक्षा लहान, मुठीएवढा, गळ्यात काळा पट्टा आणि डोळ्यांभोवती पिवळं वलय असलेला पक्षी वाळूवर तुरूतुरू पळून एकदम थांबतो. तो कंठेरी चिखल्या. त्याचंही घरटं म्हणजे गोट्यांमधला खळगा. तुम्ही जवळ गेलात तर हा एक पंख जमिनीवर फरफटवत, मोडला आहे असं सोंग करत तुमच्यापुढून पळू लागतो. तुम्ही त्याच्यामागं लागता, घरट्यापासून लांब जाता, आणि मग हा पठ्ठ्या मजेत उडून जातो. असं सोंग कुणी केलं की एक करा. पुढं जाऊ नका. आल्या पावली, आपल्याच ठशांवरून मागं या, कारण पुढच्या पावलाखाली अंडी असू शकतात.

आणि आता माझा सगळ्यात लाडका, वेडा राघू. हिरवागार, चोच बारीक वाकडी, शेपटीतून दोन सुया निघालेल्या. तारेवरून झेपावतो, हवेत माशी पकडतो, परत त्याच जागी येऊन बसतो. नदीच्या उभ्या, मऊ दरडीत चोचीनं आणि पायांनं उकरून तो हातभर, कधी त्याहूनही लांब बोगदा करतो आणि त्याच्या टोकाला अंडी घालतो. नाव पडलं वेडा. पण हा वेडा किती शहाणा आहे ते पुण्यातल्या गरवारे महाविद्यालयातल्या डॉ. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. गंमत म्हणजे वाटवे शिकवत होते सूक्ष्मजीवशास्त्र, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं!

त्यांनी काय केलं पाहा. राघूच्या बिळाजवळ माणूस उभा असेल तर राघू चोचीत किडा घेऊन बाहेरच ताटकळतो, आत जात नाही. घर कुठं आहे ते दाखवायचं नसतं त्याला. मग त्यांनी माणसाला दोन वेगवेगळ्या जागी उभं करून पाहिलं. एका जागेवरून माणसाला बीळ दिसत होतं. दुसऱ्या जागेवरून मध्ये काही आड येत असल्यानं दिसत नव्हतं. राघूला मात्र दोन्ही वेळा माणूस स्पष्ट दिसत होता. तर माणसाला बीळ दिसत असेल तेव्हा राघू बिळात जायला कचरायचा, आणि दिसत नसेल तेव्हा जास्त निर्धास्तपणे जायचा. म्हणजे 'मला काय दिसतंय' एवढंच नव्हे, तर 'त्या माणसाला तिथून काय दिसत असेल' याचाही अंदाज हा चिमणीएवढा पक्षी घेतो! हे संशोधन २००२ साली प्रसिद्ध झालं आणि जगभरातल्या शास्त्रज्ञांनी त्याची दखल घेतली. त्यासाठी महागडी यंत्रं लागली नाहीत. एक दरड, एक पक्षी आणि पुष्कळ धीर.

मोठ्या मुलामुलींनो, तुम्हीही हे करून पाहू शकता. पण एक अट. राघू दहा मिनिटं चोचीत किडा धरून बाहेर बसला असेल तर उठून जा. आत पिल्लं उपाशी असतात.

सकाळी आठ-नऊच्या सुमारास एखाद्या डबक्यापाशी गप्प बसलात तर पखुर्ड्या येतील. कबुतराएवढे, मातकट रंगाचे, वेगानं उडणारे पक्षी. सुपे, मोरगावच्या माळांवर हे असतात. खातात सुकं बी, म्हणून पाण्यावर रोज यावंच लागतं. पण पिल्लं तर दूर माळावर, त्यांना उडता येत नाही. त्यांनी काय प्यायचं? १८९६ मध्ये इंग्लंडमधल्या मीड-वॉल्डो नावाच्या पक्षी पाळणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं, की या कुळातला नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो, तसाच पिल्लांकडं जातो आणि पिल्लं त्या पिसांतलं पाणी पितात. पुष्कळांना वाटलं, काहीतरीच काय! पार १९६७ साली आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटात दोन शास्त्रज्ञांनी बारकाईनं पाहिलं आणि मीड-वॉल्डो बरोबर होते हे सिद्ध झालं. नराच्या पोटावरच्या पिसांची घडणच अशी, की ती पाणी शोषून धरून ठेवतात. सत्तर वर्षं, मुलांनो! नीट पाहणाऱ्या माणसाला कधी कधी एवढी वाट पाहावी लागते.

आता जरा गंभीर बोलते. टिटवी, चिखल्या, राघू, सगळ्यांची अंडी घालायची वेळ कोणती? मार्च ते जून. पात्र कोरडं असतं ते याच महिन्यांत. आणि पात्रातून वाळू उपसायला सोपं जातं तेही याच महिन्यांत. वाळूचा ढीग उचलताना त्यातले चार 'गोटे' टिटवीचे होते हे यंत्र चालवणाऱ्याला कळणार कसं? दरड ढासळली की राघूचा बोगदा पिल्लांसकट गाडला जातो. घरं बांधायला वाळू लागते हे खरं, माझ्याही घराला ती लागली आहे. पण बेसुमार उपसा झाला की नुकसान एकट्या पक्ष्यांचं होत नाही. वाळू ही स्पंजासारखी पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना पाझरत राहते. वाळू गेली की झिरा नाही, विहिरीला पाणी नाही. ज्या झिऱ्यावर रात्री ससा येतो, त्याच झिऱ्यावर दिवसा आजीची घागर असते.

इंदापूरकडं जरा वेगळं चित्र दिसतं. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेचं मूळ पात्र, काठची गावं, मळे पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती जुनी नदी पुन्हा वर येते. पळसदेवचं बुडालेलं प्राचीन मंदिरही दुष्काळात उघडं पडतं, २०२४ च्या उन्हाळ्यात ते पाहायला झुंबड उडाली होती. त्याच वेळी उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतात. पिवळी चोच, काळी टोपी, शेपटीला फाटा, डौलदार पक्षी. भोवती पाणी आहे तोवर बेट सुरक्षित. पाणी आणखी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री कोरड्या पायांनी अंड्यांपर्यंत चालत जातात. मंदिर पाहायला गेलात तर बरोबरच्या मोठ्या माणसांना सांगा, बेटांवर गाड्या घालू नका.

सगळीकडं नुकसानच होतं असं मात्र नाही. भिगवणजवळच्या भादलवाडीच्या तलावातल्या झाडांवर चित्रबलाकांची मोठी वसाहत असते. इंदापुरात तर हे पक्षी गावातल्या चिंचेच्या मोठ्या झाडांवर घरटी करत आले आहेत. खाली माणसांची ये-जा, वर पिल्लांचा कलकलाट. वास येतो, कपडे खराब होतात, तरी लोकांनी सांभाळून घेतलं. कुंभारगावचे मच्छीमार आपल्या नावांतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात. आणि सुप्याला १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झालं. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा हरणांना, खोकडांना आणि पखुर्ड्यांना तेवढं गवत हक्काचं मिळालं.

आता तुम्ही जायचं कसं ते सांगते. एकटं जाऊ नका, घरी सांगून मोठ्या माणसाबरोबर जा. पायात बूट हवेत, कारण दगडाखाली विंचू आणि फुरसं असतं. बिळात हात घालायचा नाही, मग ते कितीही रिकामं दिसो. वाळू काढलेल्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यात उतरायचं नाही, ते दिसतं त्यापेक्षा फार खोल असतं. आणि पावसाळ्यात पात्रात पाऊल टाकायचं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये हीच कोरडी कऱ्हा एका रात्रीत अशी फुगली, की बारामतीतल्या काठच्या वस्त्यांतून लोकांना हलवावं लागलं. तुमच्याकडं आभाळ निरभ्र असतं, पाऊस पडतो वर पुरंदरात.

दुर्बीण नसली तरी अडत नाही. शंभर पानी वही घ्या, पेन्सिल घ्या, आणि ठशाशेजारी ठेवायला एक फूटपट्टी. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं आणि ते काय करत होतं, एवढं लिहा. नाव ठाऊक नसेल तर चित्र काढा. गावातल्या मेंढपाळ आजोबांना विचारा. त्यांच्याकडं पक्ष्यांची अशी नावं असतात जी आपल्या पाठ्यपुस्तकात नाहीत. मारुती चितमपल्लींनी 'पक्षीकोश' लिहिला, त्यांनाही अशी पुष्कळ नावं रानात राहणाऱ्या माणसांकडूनच मिळाली होती.

आमच्या वर्गाच्या वहीत टिटवीच्या एका घरट्याची नोंद आहे. मुलांनी ते लांबूनच पाहायचं ठरवलं, भोवती खूण म्हणून काहीही ठेवलं नाही (खूण कुत्र्यांना आणि कावळ्यांनाही दिसते!), फक्त बांधावरच्या लिंबापासून किती पावलं ते लिहून ठेवलं. सव्विसाव्या दिवसापर्यंत रोज 'चार अंडी, टिटवी बसलेली' असं लिहिलेलं आहे. सत्ताविसाव्या दिवशी रविवार होता. सोमवारच्या पानावर एवढंच आहे: 'अंडी नाहीत. टिटवी खूप ओरडते. बाभळीखाली वाळूच्या रंगाचं काहीतरी पळालं. दोन तरी होती.'